पाश्चात्त्य संगीतकारांचा भिंतीवरचा कालपट: आखणीपासून छपाईपर्यंत

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची जी तयार पोस्टरं मिळतात, त्यांतली बरीचशी एकाच साच्यातली असतात. बरोक, क्लासिकल, रोमँटिक, आधुनिक या कालखंडांचे चार रंगीत चौकोन, प्रत्येकात केसांचे टोप घातलेले नाहीतर दाढीवाले सहा-सात चेहरे, खाली जन्म-मृत्यूची सालं. भिंतीवर शोभून दिसतात. पण हायडनचंच घ्या. तो 1732 मध्ये जन्मला तेव्हा बाख लाइपझिगमध्ये भर कामात होता. 31 मे 1809 ला हायडन व्हिएन्नात वारला तेव्हा बीथोव्हनची पाचवी सिंफनी पहिल्यांदा वाजून पाच महिने झाले होते आणि मेंडेल्सन पाळण्यात होता. एकाच आयुष्याची टोकं तीन चौकोनांना शिवतात. चौकोनांच्या पोस्टरवर हे दिसत नाही, कारण तिथं वर्षांना लांबीच नसते.

म्हणून पुढे सांगितलेल्या पोस्टरमध्ये एकच गोष्ट कटाक्षानं सांभाळायची आहे: काळ मोजून काढायचा. एक आयुष्य म्हणजे एक आडवी पट्टी, आणि पट्टीची लांबी जगलेल्या वर्षांच्या प्रमाणात. चित्रं, रंग, नक्षी हे सगळं त्यानंतर. घरात कुणी पियानो किंवा व्हायोलिन शिकत असेल किंवा संगीतवर्गाची एखादी भिंत मोकळी असेल, तर हे काम जरूर करून पाहा.

आधी फूटपट्टी, मग नावं

बहुतेक जण यादीपासून सुरुवात करतात आणि मग कागद पुरत नाही. उलटं करा. ए-वन आकाराचा कागद आडवा धरला की 841 मिमी रुंद आणि 594 मिमी उंच भरतो. त्यावर 1520 ते 2030 ही 510 वर्षं घ्या. एका वर्षाला दीड मिमी धरलं तर 765 मिमी लागतात आणि दोन्ही कडांना 38 मिमी समास उरतो. दशकाला 15 मिमी, शतकाला 15 सेंमी, असा हिशेब तोंडीसुद्धा जमतो.

हाताने करणार असाल तर स्टेशनरीच्या दुकानातले 22 बाय 28 इंची दोन कार्डशीट आखूड बाजूंनी जोडा. म्हणजे 140 सेंमीच्या आसपास लांबी मिळते. त्यावर 1 सेंमीला 5 वर्षं हे प्रमाण घ्या. पट 102 सेंमीत बसतो आणि उरलेल्या जागेत सूची, टिपा वगैरे मावतात. जोड मागून कापडी चिकटपट्टीनं द्या. पारदर्शक टेप काही महिन्यांत पिवळी पडते.

1520 का? कारण त्यानंतर लगेच पालेस्ट्रिना (सुमारे 1525) आणि लासो (1532) येतात. दोघंही 1594 मध्येच गेले, आणि तिथून धागा मॉन्टेव्हेर्दीकडे सरळ जातो. त्याआधीचे लोक कमी महत्त्वाचे आहेत असं नाही. बिंगेनची हिल्डेगार्ड (1098–1179), 1200 च्या आसपास पॅरिसच्या नोत्र दाममधले लेओनँ आणि पेरोतँ, माशो (मृत्यू 1377), द्युफाय (मृत्यू 1474), जोस्कँ (मृत्यू 1521) हे सगळे हवेतच. पण त्यांच्यासाठी पट 1100 पासून सुरू केला तर वर्षाला जेमतेम 0.8 मिमी उरतो. मग शुबर्टचं अख्खं आयुष्य अडीच सेंमीचं होतं आणि त्यात नाव मावत नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यात ‘1520 पूर्वी’ अशी चौकट करा आणि ही नावं तिथं लिहा.

एक मोह टाळा. जुनी शतकं दाबून नवी शतकं ताणून काढायची, म्हणजे सगळं बसेल, असं वाटतं. बसेल खरं, पण मग लांबीला अर्थ उरणार नाही आणि आपण पुन्हा चौकोनांवर येऊ.

साठ नावं, त्याहून जास्त नाहीत

ए-वनवर साठपेक्षा जास्त पट्ट्या घातल्या की दीड मीटरवरून काहीच वाचता येत नाही. साठ म्हणजे खूप वाटतात, पण शेवटी शेवटी एकेका नावासाठी भांडण होतं. बाख, हँडल, हायडन, मोत्झार्ट, बीथोव्हन, शुबर्ट यांच्याबद्दल वाद नाही. वाद होतो तो तेलेमान घ्यायचा की कुपरँ, ब्रुकनर ठेवायचा की बिझे, यावर. माझा निकष साधा आहे: या माणसाची एक तरी रचना घरातल्या कुणी पूर्ण ऐकली आहे का, आणि पोस्टरवरच्या दुसऱ्या कुणाशी त्याचं काही नातं दाखवता येतं का? दोन्हींना ‘नाही’ असेल तर नाव गाळा. ग्रंथात त्याची जागा शाबूत आहे.

मूल संगीताची परीक्षा देत असेल तर त्याच्या पुस्तकातली नावं आवर्जून घाला. क्लेमेंटी (1752–1832), चेर्नी (1791–1857), काबालेव्स्की (1904–1987) हे मोठ्या पोस्टरांवर सहसा नसतात, आणि पियानो शिकणारं मूल सगळ्यात आधी शोधतं ते त्यांनाच. चेर्नी तर नात्यांच्या दृष्टीनंही मोलाचा आहे: तो बीथोव्हनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू.

फक्त वाजवणारे आणि वाद्यवृंदाचं संचालन करणारे इथं नकोत. मुंबईत 1936 मध्ये जन्मलेल्या झुबिन मेहतांचं नाव घालावंसं वाटेल, पण हा पट रचना करणाऱ्यांचा आहे. माहलर, मेंडेल्सन, बर्नस्टाइन हे संचालक होतेच, पण इथं येतात ते रचनांमुळे.

स्त्रियांची नावं ‘सोबत’ म्हणून एका कोपऱ्यात देण्याची वाईट पद्धत आहे. बार्बरा स्ट्रोत्सी (1619–1677), फानी मेंडेल्सन (1805–1847), क्लारा शुमान (1819–1896), एथेल स्माइथ (1858–1944), लिली बुलांझे (1893–1918), सोफिया गुबायदुलिना (1931–2025), काया सारियाहो (1952–2023) यांच्या पट्ट्या इतरांसारख्याच, इतरांमध्येच काढा. फानीची काही गाणी तिचा भाऊ फेलिक्स याच्या नावावर छापली गेली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं फेलिक्ससमोर त्यांतलंच एक आवडीनं गायलं, तेव्हा हे बहिणीचं आहे असं त्याला कबूल करावं लागलं. ही गोष्ट पट्टीखाली बारीक अक्षरांत लिहिण्याजोगी आहे.

सालं तपासताना

तक्त्यात पाच रकाने करा: नाव, जन्मसाल, मृत्युसाल, कामाचा प्रदेश, एक रचना. सालं एका ठिकाणाहून उतरवून मोकळं होऊ नका. ग्रोव्हच्या संगीतकोशासारख्या एका भरवशाच्या कोशाशी पडताळा. चार ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिली जागा म्हणजे दिनदर्शिका. रशियात 1918 पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत होती. बहुतेकांच्या बाबतीत त्यानं तारीख बदलते, साल नाही. पण स्क्र्याबिन जुन्या हिशेबानं 25 डिसेंबर 1871 चा आणि नव्या हिशेबानं 6 जानेवारी 1872 चा. काही ठिकाणी 1871 दिसलं तर ती छापण्यातली चूक समजू नका. आपण सगळ्यांना नवी पद्धत लावायची, म्हणजे 1872.

दुसरी, अंदाजे सालं. पालेस्ट्रिनाचं जन्मसाल ‘सुमारे 1525’ आहे. ते ठाम टोकाच्या पट्टीनं दाखवणं खोटं ठरेल. अशा पट्टीचं टोक फिकट करत न्या किंवा करवती कापा. बीथोव्हनच्या जन्मतारखेची नोंदच नाही, बाप्तिस्मा 17 डिसेंबर 1770 चा आहे. आपण फक्त साल लिहितो म्हणून इथं सुटतो. तारखा लिहिण्याच्या फंदात न पडण्याचं तेही एक कारण.

तिसरी, रचनेचा रकाना. अल्बिनोनीच्या (1671–1751) नावानं प्रसिद्ध असलेला अडाजिओ (संथ लयीची रचना) 1958 मध्ये रेमो जाझोत्तोनं प्रसिद्ध केला आणि तो मुख्यतः त्याचाच आहे असं मानतात. तो बरोक भागात लिहू नका. पाखेलबेलच्या (1653–1706) कॅननचं रचनासाल माहीत नाही. त्याच्यापुढे साल नको.

चौथी, नावांची मराठी रूपं. मोझार्ट की मोत्झार्ट, बीथोव्हन की बेटहोफेन, यावर घरात मतं वेगळी असणार. तुमच्या घरी जे बोललं जातं ते ठेवा, फक्त पोस्टरभर एकच ठेवा. पट्टीच्या टोकाला बारीक रोमन अक्षरांत मूळ नाव द्या, म्हणजे रेकॉर्डिंग शोधताना अडणार नाही.

जमिनीवर पट्ट्या मांडा

कॉम्प्युटरवर करणार असाल तरी ही पायरी गाळू नका. मला विचाराल तर सगळ्या कामातला हाच भाग खरा शिकवणारा आहे.

रंगीत कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. वर्षाला 2 मिमी हे हाताच्या पोस्टरचंच प्रमाण. मोत्झार्ट 35 वर्षांचा म्हणजे 7 सेंमी, शुबर्ट 6.2, बाख 13, हायडन 15.4, व्हर्दी 17.6, सिबेलियस 18.4 सेंमी. प्रत्येकीवर नाव लिहा. मग शिवणकामाची दीड मीटरची टेप जमिनीवर सरळ पसरा. शून्यावर 1520, आणि पुढे दर 2 सेंमीला एक दशक. बाखची पट्टी 33 सेंमीवर सुरू होऊन 46 वर संपते. अशा सगळ्या पट्ट्या टेपच्या वर-खाली लावत जा.

निम्म्या पट्ट्या लागेपर्यंत काही गोष्टी आपोआप दिसू लागतात. 33 सेंमीच्या खुणेवर तीन पट्ट्या एकदम सुरू होतात: बाख, हँडल, दोमेनिको स्कार्लाती, तिघंही 1685 चे. 58 सेंमीच्या आसपास तर दाटीच होते. मेंडेल्सन 1809, शोपँ आणि शुमान 1810, लिस्ट 1811, वाग्नर आणि व्हर्दी 1813. पाच वर्षांत सहा जण, आणि रोमँटिक संगीताचा अर्धा संसार त्यांचा.

आता एक लांब पट्टी घेऊन 1750 वर उभी धरा. पुस्तकांमध्ये इथं बरोक संपतो. प्रत्यक्षात त्या साली बाख गेला, एवढंच. हँडल लंडनमध्ये होता, दोमेनिको स्कार्लाती माद्रिदमध्ये, बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल 36 वर्षांचा होता आणि वडिलांहून अगदी निराळं लिहीत होता, हायडन 18 चा. मग पट्टी 1865 वर सरकवा. माझ्या यादीतली बावीस नावं तिला शिवतात, म्हाताऱ्या रॉसिनीपासून त्याच वर्षी जन्मलेल्या सिबेलियसपर्यंत. तुमच्या पोस्टरला कमीत कमी किती आडव्या ओळी लागतील हे या सर्वांत दाट जागेवरून ठरतं. प्रदेशांचे पट्टे वेगळे केल्यावर ओळी वाढतात. साठ नावांना 34 पर्यंत धरून चाला.

शेवटी 1948 वर थांबा. रिखार्ड श्ट्राउसनं आपली अखेरची चार गाणी त्या वर्षी लिहिली, पूर्ण रोमँटिक सुरांत, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. त्याच साली जॉन केजनं तारांमध्ये स्क्रू आणि रबर अडकवलेल्या पियानोसाठीच्या आपल्या सोनाटा पूर्ण केल्या. कालखंडांची नावं म्हणूनच पोस्टरवर चौकोनांत घालू नका. वरच्या कडेला बारीक कंस काढा आणि ते एकमेकांवर चढू द्या: बरोक 1600 ते 1750, क्लासिकल 1730 ते 1820, रोमँटिक 1800 ते 1910. त्यानंतरच्या काळाला मी कंसच देत नाही.

ओळी वाटून देणं

उभ्या दिशेला प्रदेश ठेवा: इटली, जर्मन भाषिक प्रदेश, फ्रान्स, इंग्लंड, मध्य, पूर्व आणि उत्तर युरोप, रशिया, अमेरिका व इतर. ‘जर्मनी’ असं लिहू नका. जर्मनी हा एक देश 1871 मध्ये झाला आणि व्हिएन्ना त्यात नव्हतंच. ‘जर्मन भाषिक’ म्हटलं की साल्झबुर्ग, व्हिएन्ना, लाइपझिग, बॉन सगळं सामावतं. हा पट्टा 34 पैकी दहा-अकरा ओळी खाईल. ते ठीक आहे, समतोल साधायला त्याला कापू नका.

गाव सोडलेल्यांचं काय? हँडल हालेचा, पण हयात गेली लंडनमध्ये. शोपँ पोलंडचा, राहिला पॅरिसमध्ये. स्ट्राविन्स्की रशियातून स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि मग अमेरिका. माझा नियम असा: पट्टी जन्मप्रदेशात ठेवायची आणि ज्या साली कायमचा मुक्काम हलला तिथं उभी खाच देऊन गावाचं नाव लिहायचं. हँडलच्या पट्टीवर 1712, लंडन. शोपँच्या पट्टीवर 1831, पॅरिस. जन्मप्रदेश न धरता कर्मभूमी धरली तरी चालेल, पण मग पॅरिस आणि व्हिएन्ना इतके फुगतात की बाकीचे पट्टे रिकामे दिसतात.

जागा वाचवायला एका ओळीत एकामागून एक दोन-तीन जण बसवावेच लागतात. इथं एक फसवी गोष्ट घडते. मोत्झार्ट 1791 मध्ये गेला, शुबर्ट 1797 मध्ये जन्मला. दोघांना एका ओळीत ठेवलं की पाहणाऱ्याला वाटतं गादी चालवली. तसं काही नाही, ती फक्त जागेची सोय आहे. म्हणून एका ओळीतल्या दोन पट्ट्यांमध्ये निदान दहा वर्षांचं, म्हणजे 15 मिमी अंतर ठेवा, आणि शक्यतो ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असेच शेजारी निवडा.

काही आयुष्यांत जगणं आणि लिहिणं यांची लांबी फार वेगळी असते. रॉसिनीचा पहिला ऑपेरा 1810 मध्ये रंगमंचावर आला, शेवटचा, ‘विल्यम टेल’, 1829 मध्ये. त्यानंतर तो जवळजवळ चाळीस वर्षं जगला, जेवणावळी घातल्या, अधूनमधून छोट्या रचना केल्या, ऑपेरा मात्र लिहिला नाही. सिबेलियसची शेवटची मोठी रचना ‘तापिओला’ 1926 ची, मृत्यू 1957 चा. या दोघांच्या पट्ट्या कामाच्या काळात गडद आणि पुढे फिकट करा. सगळ्यांना हे लागू करायला जाऊ नका. मोत्झार्टचं काम कोणत्या वयापासून धरायचं यावर बसाल तर पोस्टर व्हायचं नाही.

नात्यांच्या रेघा

आखणीला रंग इथं चढतो आणि पोस्टर बिघडतंही इथंच. रेघा पंचवीसच्या वर गेल्या की कोळ्याचं जाळं होतं. तीन प्रकार ठरवा: गुरू-शिष्य अखंड रेघ, घरचं नातं दुहेरी रेघ, आणि ऐकून-वाचून पोचलेला प्रभाव किंवा दिलेला हात तुटक रेघ.

अखंड रेघांसाठी खात्रीची नाती पुष्कळ आहेत. हायडनकडे बीथोव्हन 1792 पासून व्हिएन्नात शिकला. सालिएरीकडे शुबर्ट शिकला. रिम्स्की-कोर्साकोव्हकडे स्ट्राविन्स्की, फोरेकडे राव्हेल, शोनबर्गकडे बेर्ग आणि वेबर्न, आणि पुढे अमेरिकेत केज. मेसियाँकडे बुलेझ आणि श्टोकहाउझन. पॅरिसच्या नादिया बुलांझे (1887–1979) रचनाकार म्हणून फारशा वाजवल्या जात नाहीत, पण त्यांच्याशिवाय विसाव्या शतकाचा पट पुरा होत नाही. त्यांना पट्टीऐवजी एक मोठं वर्तुळ द्या आणि तिथून कोपलँड, फिलिप ग्लास यांच्याकडे रेघा काढा. आणखी एक रेघ मुंबईकडे जाते: वनराज भाटिया (1927–2021) लंडनच्या रॉयल अकॅडमीनंतर त्यांच्याकडेच शिकले. ‘भूमिका’, ‘तमस’, ‘भारत एक खोज’ यांच्या संगीतामुळे आपण त्यांना ओळखतो, पण त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या रचनाही केल्या. ‘अमेरिका व इतर’ पट्ट्यातल्या ‘इतर’ला त्यांच्यामुळे अर्थ येतो.

तुटक रेघा निवडून काढा. आठ वर्षांचा मोत्झार्ट 1764 मध्ये लंडनला गेला आणि तिथं बाखचा धाकटा मुलगा योहान क्रिस्टियान त्याला भेटला. त्याच्या शैलीचा ठसा मोत्झार्टवर राहिला. शुमाननं 1853 मध्ये लेख लिहून वीस वर्षांच्या ब्राम्सची ओळख जगाला करून दिली. ब्राम्सनं पुढे द्वोर्झाकला आपल्या प्रकाशकापर्यंत पोचवलं. आणि दोन पट्ट्यांमधली सगळ्यात लांब रेघ बाखपासून मेंडेल्सनपर्यंत: 1829 मध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सननं बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा सादर केलं, बाखच्या मृत्यूनंतर 79 वर्षांनी.

बीथोव्हन आणि मोत्झार्ट यांची व्हिएन्नात भेट झाली असं सांगतात, पण पक्का पुरावा नाही. रेघ नको. सालिएरीनं मोत्झार्टला विष घातल्याची कहाणी तर मुळीच नको. वाग्नरच्या प्रभावाच्या रेघा काढायला बसू नका, त्या सगळीकडेच जातात. पट्टीवर एक ठळक चांदणी द्या आणि पुढे व्हा. लिस्टचा तो जावई होता, एवढी दुहेरी रेघ पुरे.

पोस्टरच्या बाहेरून आत येणारी एक रेघ मी आवर्जून काढायला सांगेन. ऑलिव्हिए मेसियाँ (1908–1992) याला एका फ्रेंच संगीतकोशात 120 देशी तालांची यादी सापडली. ती शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तली. शार्ङ्गदेव म्हणजे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेला पंडित, आजच्या दौलताबादचा. मेसियाँ जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता तेव्हा त्यानं जे चतुष्टक (चार वादकांसाठीची रचना) लिहिलं, जानेवारी 1941 मध्ये तिथंच वाजलेलं, त्याच्या पहिल्या भागात पियानोच्या लयीत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे ताल आहेत. डाव्या समासात ‘देवगिरी, 13 वं शतक’ असं लिहून तिथून मेसियाँपर्यंत तुटक रेघ न्या. पूर्ण पोस्टर ओलांडणारी ती एकच असेल.

भारताशी जोडणाऱ्या आणखी रेघा हव्या असतील तर होल्स्ट (1874–1934) आहे. ऋग्वेदातली सूक्तं आणि सावित्रीची कथा संगीतात आणण्यासाठी त्यानं संस्कृतचे धडे घेतले. फिलिप ग्लासनं पॅरिसमध्ये रविशंकरांबरोबर काम केलं, आणि 1980 मध्ये सादर झालेल्या त्याच्या ‘सत्याग्रह’ ऑपेरात गांधीजी आहेत, शब्द भगवद्गीतेचे, तेही संस्कृतात. इंग्लंडच्या पट्ट्यात कैखुश्रू सोराबजी (1892–1988) येईल, ज्याचे वडील मुंबईचे पारशी होते आणि ज्याची पियानोवरची एक रचना चार तासांच्या आसपास चालते.

शिवराज्याभिषेक, पानिपत वगैरे सालं तळाशी घालावीत, म्हणजे मराठी माणसाला काळाचा अंदाज येईल, असं कुणीतरी सुचवेलच. मी घालत नाही. ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही त्या शेजारी दिसल्या की नसलेला संबंध डोळ्यांत भरतो. तळाची जागा संगीतावर थेट परिणाम केलेल्या घटनांना द्या: 1637 व्हेनिसमध्ये तिकीट काढून जाता येणारं पहिलं ऑपेरागृह, 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरीचा पियानो, 1815 माल्झेलचा मेट्रोनोम (ठोके देऊन लय दाखवणारं यंत्र), 1842 व्हिएन्ना आणि न्यूयॉर्क या दोन्ही फिलहार्मोनिक वाद्यवृंदांची स्थापना, 1877 एडिसनचा फोनोग्राफ, 1913 पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाला झालेला गोंधळ, 1948 एलपी रेकॉर्ड. दोन महायुद्धांचे राखाडी उभे पट्टे मात्र पूर्ण उंचीभर न्या.

कॉम्प्युटरवर

इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि देवनागरी नीट दाखवतं. पान 841 बाय 594 मिमी. तक्त्यात दोन सूत्रं घाला. पट्टीची डावी कड = 38 + (जन्मसाल − 1520) × 1.5. लांबी = (मृत्युसाल − जन्मसाल) × 1.5. बाखसाठी डावी कड 285.5 मिमी, लांबी 97.5. शुबर्टसाठी 453.5 आणि 46.5. हे दोन आकडे जमले की सूत्र बरोबर आहे.

उंचीचा हिशेब: वर शीर्षक आणि कालखंडांचे कंस यांना 62 मिमी, खाली घटनांना 90, मधल्या 442 मिमीत 34 ओळी. प्रत्येक ओळ 13 मिमी, त्यात पट्टी 8 आणि मोकळं 5. नाव पट्टीच्या आतच 16 पॉइंटमध्ये लिहा. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, त्यामुळे याहून मोठं अक्षर पट्टीबाहेर डोकावतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा मुक्त फाँट चांगला आहे. ‘स्क्र्याबिन’, ‘द्वोर्झाक’, ‘स्ट्राविन्स्की’ एवढी तीन नावं आधी टाइप करून पाहा. जोडाक्षरं इथं तुटली नाहीत तर पुढे तुटणार नाहीत.

प्रदेशाला एक रंग, सात प्रदेशांना सात फिके रंग, त्यावर काळं अक्षर. चेहरे घालायचेच असतील तर चार-पाच, तेही खात्रीचे. बाखचं हाउसमाननं 1746 मध्ये काढलेलं चित्र चालेल. व्हिव्हाल्डीचं म्हणून फिरणारं चित्र त्याचंच आहे याची खात्री नाही. जुन्या चित्रांना हक्काची अडचण नसते, पण विसाव्या शतकातली छायाचित्रं घालून पोस्टर विकायचं असेल तर परवानगी पाहावी लागते.

छपाई आणि भिंत

छापायला देण्याआधी 1780 ते 1900 एवढा तुकडा घरच्या प्रिंटरवर ए-फोर आडव्या कागदावर शंभर टक्के आकारात काढा, भिंतीला लावा आणि दीड मीटरवर उभे राहून वाचा. ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद असल्याची खात्री करा, नाहीतर प्रमाण बिघडतं आणि कळतही नाही. शतक 15 सेंमी भरतं का ते फूटपट्टीनं मोजा.

प्रिंटवाल्याकडे पीडीएफ द्या, आणि मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून द्या. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून कुणी युनिकोड मजकुराला हात लावला की वेलांट्या भलतीकडे जातात. कर्व्ह न केलेली मूळ फाईल आपल्याकडे वेगळी ठेवा. फ्लेक्सवर छापू नका, तो चमकतो आणि बारीक अक्षरं फुटतात. 170 ते 200 जीएसएमचा मॅट कागद, वर मॅट लॅमिनेशन, आणि 5 मिमी सनबोर्डवर (हलक्या फोमच्या फळीवर) चिकटवून घेतलं की काम झालं. गडद निळा छापल्यावर जांभळट येतो, तो आधी एका छोट्या तुकड्यावर तपासा.

कोकण, मुंबई, गोवा या पट्ट्यात बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. पोस्टर आतल्या भिंतीवर लावा, किंवा सनबोर्डमागे चारही कोपऱ्यांना फोमचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. थेट ऊन पडत असेल तर पिवळा आणि लाल रंग सर्वांत आधी उडतात.

जिवंत रचनाकारांच्या पट्ट्या, जसं अर्वो पॅर्ट (1935), स्टीव्ह राइश (1936), ग्लास (1937), उजव्या टोकाला बाण देऊन उघड्या सोडा. उजव्या खालच्या कोपऱ्यात पोस्टर कोणत्या महिन्यापर्यंतचं आहे ते लिहा. पुढे पट्टी बंद करावी लागली तर लॅमिनेशनवर चालणाऱ्या पर्मनंट मार्करनं बाण खोडून साल लिहिता येतं. मूळ फाईलमध्ये तोच बदल त्याच दिवशी करून ठेवा, म्हणजे पुढच्या छपाईला पुन्हा शोधावा लागणार नाही.